अमेरिकेच्या तुटीचा धनी कोण?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



५ ऑगस्ट १९९३ च्या रात्री वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात एक मतदान झाले. अध्यक्ष क्लिंटन यांचे अर्थसंकल्पी विधेयक सभागृहापुढे होते. सर्वांत श्रीमंत करदात्यांच्या उत्पन्नावरील कराचा दर ३१ टक्क्यांवरून ३९.६ टक्क्यांवर न्यायचा, पेट्रोलवर गॅलनमागे ४.३ सेंटांचा वाढीव कर बसवायचा आणि काही खर्चाला कात्री लावायची, असे त्या विधेयकाचे स्वरूप होते. रिपब्लिकन पक्षाचा एकही सभासद त्याच्या बाजूने नव्हता. फिलाडेल्फियाच्या सधन उपनगरांतून पहिल्यांदाच निवडून आलेल्या मार्जोरी मार्गोलिस-मेझविन्स्की या डेमोक्रॅट सभासद बाईंनीही आपण विरोधात मत देऊ असे जाहीर केले होते. मतदान चालू असताना त्यांना अध्यक्षांचा दूरध्वनी आला, आणि अखेरच्या क्षणी त्यांनी विधेयकाच्या बाजूने मत टाकले. २१८ विरुद्ध २१६. समोरच्या बाकांवरून त्यांच्या नावाने निरोपाच्या आरोळ्या उठल्या. त्या आरोळ्या खऱ्या ठरल्या. १९९४ च्या निवडणुकीत बाई पडल्या. दुसऱ्या दिवशी सिनेटमध्ये समसमान मते पडली आणि उपाध्यक्ष अल गोर यांच्या निर्णायक मताने, ५१ विरुद्ध ५० असे, ते विधेयक संमत झाले.

पुढे १९९८ पासून २००१ पर्यंत सलग चार वर्षे अमेरिकेच्या संघराज्याच्या अंदाजपत्रकात तुटीऐवजी शिल्लक राहिली. २००० साली ती २३,६०० कोटी डॉलरवर गेली. लोकांच्या तोंडी ती ‘क्लिंटनची शिल्लक’ झाली. रिपब्लिकन पक्षाने लगेच हरकत घेतली, की १९९५ पासून दोन्ही सभागृहे आमच्या ताब्यात होती, तिजोरी आम्ही राखली, तेव्हा श्रेय आमचे. याच पक्षाने रेगन यांच्या काळात तुटीचे खापर डेमोक्रॅटांच्या प्रतिनिधिगृहावर फोडले होते. डेमोक्रॅटांचा हिशेब याच्या बरोबर उलटा: रेगन यांची तूट रेगन यांची, आणि क्लिंटन यांची शिल्लक क्लिंटन यांची. आपल्याकडील पुरोगामी नियतकालिकेही अध्यक्षवार कोष्टके छापून मोकळी होतात. अमुक अध्यक्षाने इतके कर्ज केले, तमुक अध्यक्षाने तितके फेडले. जणू अमेरिकेचा अध्यक्ष हा एकत्र कुटुंबातला कर्ता पुरुष असून तिजोरीची किल्ली त्याच्या जानव्याला बांधलेली आहे.

घटनेप्रमाणे ही किल्ली त्याच्याकडे नाही. अमेरिकेच्या घटनेचे पहिले कलम विधिमंडळाविषयी, म्हणजे काँग्रेसविषयी आहे. (ही काँग्रेस म्हणजे त्यांची संसद; आपल्याकडील पक्षाशी तिचा संबंध नाही.) कर बसविण्याचा आणि देशाच्या नावावर कर्ज काढण्याचा अधिकार त्या कलमाने काँग्रेसला दिला आहे. महसुलाची विधेयके प्रतिनिधिगृहातच सुरू झाली पाहिजेत, आणि कायद्याने मंजुरी दिल्यावाचून तिजोरीतून एक डॉलरही काढता येणार नाही, असे तेच कलम सांगते. १७८७ साली घटना लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे इंग्लंडचा इतिहास होता. राजाला लढाईसाठी पैसा लागतो, पैशासाठी पार्लमेंट बोलवावे लागते आणि पार्लमेंट पैशाच्या बदल्यात हक्क मागून घेते, हा तो इतिहास. अध्यक्षाच्या हाती त्यांनी नकाराधिकार तेवढा ठेवला, आणि तोही दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतांनी मोडता येतो.

पहिली सव्वाशे वर्षे तर अध्यक्षाचे स्वतःचे अंदाजपत्रकच नसे. खाती आपापल्या मागण्या काँग्रेसकडे पाठवीत आणि तेथील समित्या त्यांवर निर्णय घेत. पहिल्या महायुद्धाने हे चित्र बदलले. १९१६ ते १९१९ या तीन वर्षांत राष्ट्रीय कर्ज वीस पटींहून अधिक वाढले आणि हिशेबाला शिस्त हवी, अशी उद्योगपतींपासून प्राध्यापकांपर्यंत सर्वांनी मागणी केली. १९२१ च्या कायद्याने अध्यक्षाने दरवर्षी सर्व खात्यांचे एकत्रित अंदाजपत्रक मांडावे असे ठरले आणि त्यासाठी त्याला एक कचेरी मिळाली. कायद्याच्या दृष्टीने ते अंदाजपत्रक केवळ सूचना असते. ते जसेच्या तसे संमत झाले असे सहसा घडत नाही. परंतु चर्चा कोठून सुरू व्हायची हे जो ठरवतो, तो अर्धी लढाई जिंकून बसतो. राजकीय दृष्ट्या किल्लीची एक नक्कल तेव्हापासून अध्यक्षाच्या खिशात आली.

येथे एका गैरसमजाला जागा राहू नये. तिजोरी लोकप्रतिनिधींच्या हाती असली म्हणजे ती लोकांच्या हाती असते, असे मानण्याकडे आपल्या चळवळीचा स्वाभाविक कल असतो. १९६८ सालचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. व्हिएतनामचे युद्ध आणि दारिद्र्याविरुद्धची मोहीम ही दोन्ही ओझी अध्यक्ष जॉन्सन यांनी एकदम उचलली होती आणि खर्च भागेना. त्यांनी आयकरावर १० टक्क्यांचा अधिभार मागितला. प्रतिनिधिगृहाच्या करविषयक समितीचे अध्यक्ष विल्बर मिल्स हे जॉन्सन यांच्याच पक्षाचे, पण त्यांनी ते विधेयक महिनोन्महिने अडवून धरले. खर्चात ६०० कोटी डॉलरची कपात कबूल करा, मग अधिभार देतो, ही त्यांची अट होती. ती मान्य झाली. कपातीची कुऱ्हाड युद्धावर पडली नाही. जॉन्सन यांच्या समाजकल्याणाच्या स्वप्नावर पडली. १९६९ च्या अर्थवर्षात अंदाजपत्रकात थोडी शिल्लकही पडली. त्यानंतर पुढची शिल्लक दिसायला १९९८ साल उजाडावे लागले. तिजोरीवरील विधिमंडळाचा ताबा येथे पूर्णपणे शाबूत होता. तो कोणाच्या बाजूने वापरला गेला, हा प्रश्न निराळा.

याच्या उलट टोकाला निक्सन. काँग्रेसने मंजूर केलेला पैसा खर्चच करायचा नाही, असा पवित्रा त्यांनी घेतला. १९७२ साली नद्यांचे पाणी स्वच्छ करण्यासाठीचा कायदा काँग्रेसने निक्सन यांचा नकाराधिकार मोडून संमत केला. निक्सन यांनी त्यातील मोठी रक्कम अडवून ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. पण त्याच्या आधीच, १९७४ च्या जुलैत, काँग्रेसने कायदा करून हा दरवाजा बंद केला होता. अध्यक्षाला एखादा खर्च रद्द करावासा वाटला तर त्याने तसे कळवावे. ४५ दिवसांत काँग्रेसने होकार दिला नाही, तर पैसा खर्च केलाच पाहिजे. त्याच कायद्याने काँग्रेसला स्वतःचे अर्थसंकल्प कार्यालय मिळाले. अर्थतज्ज्ञ अ‍ॅलिस रिव्हलिन या त्याच्या पहिल्या संचालक. अध्यक्षाच्या कचेरीचे आकडे मुकाट्याने मान्य करण्याची पाळी त्यानंतर सभासदांवर राहिली नाही. वॉटरगेट प्रकरणात पुरते खचलेल्या निक्सन यांनीच या कायद्यावर सही केली आणि महिन्याभरात ते पायउतार झाले.

कायद्याची चौकट ही अशी आहे. पण केवळ तिच्यावरून तुटीचा धनी ठरवू गेल्यास फसगत होते. २०२४ च्या अर्थवर्षात अमेरिकेच्या संघराज्याने सुमारे ६.८ लाख कोटी डॉलर खर्च केले आणि सुमारे ४.९ लाख कोटी मिळवले. खर्चापैकी काँग्रेस दरसाल ज्यावर मतदान करते तो भाग जेमतेम एक चतुर्थांश, आणि त्यातला निम्म्याच्या आसपास लष्कराचा. उरलेला बहुतेक खर्च १९३५ च्या वार्धक्यवेतनाच्या आणि १९६५ च्या वृद्धांच्या व गरिबांच्या आरोग्यविम्याच्या कायद्यांतून आपोआप वाहत येतो. ज्यांनी ते कायदे केले त्यांतले बहुतेक आज हयात नाहीत. राहिले व्याज. ते २०२४ साली ८८ हजार कोटी डॉलरच्या घरात गेले आणि लष्करी खर्चालाही त्याने मागे टाकले. व्याजावर कोणीच मतदान करीत नाही. त्या वर्षीच्या अध्यक्षाला किंवा त्या वर्षीच्या सभागृहाला या साऱ्याचा कर्ता म्हणणे म्हणजे पुराचा दोष नदीकाठच्या तलाठ्याला देण्यासारखे आहे.

त्यात मंदीचा हिशेब मिळवायला हवा. मंदी आली की कोणी बोट न हलवताही तूट वाढते, कारण लोकांचे उत्पन्न घटते, कर घटतो आणि बेकारीभत्ता वाढतो. २००९ च्या अर्थवर्षातील १.४ लाख कोटी डॉलरची तूट ओबामा यांच्या नावावर लिहिली जाते. ते अर्थवर्ष १ ऑक्टोबर २००८ रोजी सुरू झाले होते, आणि ओबामा यांच्या शपथविधीच्या आधीच, जानेवारीच्या आरंभी, काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने त्या वर्षी १.२ लाख कोटींची तूट येईल असे वर्तवले होते. २०२० ची ३.१ लाख कोटींची तूट ट्रम्प यांची म्हणून दाखवतात. महामारीतील २.२ लाख कोटींच्या मदतीचा कायदा सिनेटने ९६ विरुद्ध शून्य मतांनी केला होता. आणि तो योग्यच होता. समाजवाद्यांनी तूट या शब्दाला पापाचा दर्जा देण्याचे काही कारण नाही. यंत्रे बंद आणि माणसे रिकामी बसली असताना सरकारने कर्ज काढून त्यांना काम व अन्न दिले नाही, तर ते सरकार कशासाठी? २०२१ साली बालभत्त्यात वाढ झाली तेव्हा अमेरिकेतील बालदारिद्र्य, तेथील जनगणना कचेरीच्या पूरक मापाने, ५.२ टक्क्यांवर उतरले. ती वाढ पुढे चालू ठेवण्यास रिपब्लिकन पक्षाचा विरोध होताच. समसमान विभागलेल्या सिनेटमध्ये एकेक मत मोलाचे असताना, डिसेंबर २०२१ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाचे डेमोक्रॅट सिनेटर जो मॅन्चिन यांनी वाढत्या कर्जाचे आणि महागाईचे कारण पुढे करून नकार दिला. २०२२ साली ते दारिद्र्य १२.४ टक्क्यांवर गेले. ही तूट ‘वाचवण्याचे’ श्रेय कोणाला द्यायचे, हे कोष्टके छापणाऱ्यांनी सांगावे.

आता मंदीची किंवा महामारीची सबब नसताना, राजीखुशीने केलेल्या तुटीकडे वळू. तिचा आद्य नमुना १९८१ चा.

रेगन सत्तेवर आले ते समतोल अंदाजपत्रकाचे वचन देऊन. आयकराचे दर सरसकट कमी केले की उद्योग फोफावेल, उत्पन्न वाढेल आणि कमी दरानेही तिजोरी भरेल, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. प्रतिनिधिगृहात बहुमत डेमोक्रॅटांचे होते. त्यांनी ठाम विरोध केला असता तर तो कायदा होणे अवघड होते. प्रत्यक्षात सुरू झाला तो लिलाव. रेगन यांच्या विधेयकात तेलकंपन्यांना सवलत, तर डेमोक्रॅटांच्या पर्यायी विधेयकातही तेलकंपन्यांना सवलत. तिकडे कारखानदारांना सूट, तर इकडेही सूट. अखेर २९ जुलै १९८१ रोजी रेगन यांची बाजू २३८ विरुद्ध १९५ मतांनी जिंकली. ४८ डेमोक्रॅट फुटून त्यांना मिळाले. कराचा सर्वोच्च दर ७० टक्क्यांवरून ५० वर आला, आणि १९८६ च्या कायद्याने तो पुढे २८ वर उतरला. रेगन यांचे अंदाजपत्रकप्रमुख डेव्हिड स्टॉकमन यांनी त्याच वर्षी एका पत्रकाराजवळ मोकळेपणाने कबुली दिली, की आकड्यांचा मेळ आम्हालाच लागत नव्हता, आणि सरसकट कपात हे वरचा दर खाली आणण्यासाठी घेतलेले सोंग होते. डिसेंबरच्या अंकात ती मुलाखत छापून आली. स्टॉकमन यांना बोलणी खावी लागली. कायदा जागच्या जागी राहिला.

करकपातीच्या जोडीला शांततेच्या काळातील अवाढव्य लष्करी वाढ होती. पुढील वर्षांत अध्यक्ष आणि काँग्रेस एकमेकांवर उधळपट्टीचा आरोप करीत राहिले. वस्तुस्थिती अशी, की रेगन यांनी काँग्रेसपुढे समतोल अंदाजपत्रक एकदाही मांडले नाही. आणि त्यांनी मागितलेल्या व काँग्रेसने मंजूर केलेल्या एकूण रकमांत फार मोठी तफावतही नव्हती. भांडण होते ते क्षेपणास्त्रे की शाळेतले जेवण, यावर. बेरीज दोघांनाही साधारण मान्य होती. आठ वर्षांत कर्ज तिपटीजवळ गेले. मध्यंतरी, १९८३ साली, वार्धक्यवेतनाचा निधी आटू लागला तेव्हा मात्र दोन्ही पक्ष चटकन एकत्र आले. पगारावरील कर वाढला, निवृत्तीचे वय हळूहळू ६७ पर्यंत नेण्याचे ठरले. हा कर पहिल्या डॉलरपासून लागतो आणि एका मर्यादेच्या वरच्या पगाराला लागतच नाही. म्हणजे गिरणीतल्या कामगाराने पूर्ण भरायचा आणि बँकेच्या अध्यक्षाने नावापुरता. त्यातून निधीत जी शिल्लक पडू लागली, ती सरकारने कर्जाऊ वापरली. वर केलेल्या सवलतीचे भोक खालून गोळा केलेल्या पैशाने काही अंशी बुजवले, असा त्याचा सरळ अर्थ.

यानंतरचा एक प्रकार मौजेचा आहे. जबाबदारी आपल्यावर नको म्हणून दोघांनी ती यंत्राकडे सोपवायचे ठरवले. १९८५ च्या कायद्याने तुटीच्या वार्षिक मर्यादा ठरल्या. त्या ओलांडल्या की ठरावीक खर्चाला आपोआप कात्री. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने कात्री चालवण्याची ती पद्धत घटनाबाह्य ठरवली. १९९६ साली काँग्रेसने उलटा प्रयोग केला. मंजूर खर्चातील एकेक बाब खोडण्याचा अधिकार अध्यक्षाला बहाल केला. म्हणजे घरमालकानेच किल्ली आणून हाती द्यावी, तसे. न्यायालयाने १९९८ साली तोही कायदा रद्द केला. किल्ली नको असलेल्या मालकाला न्यायालय किल्ली परत देते, असा देखावा जगात क्वचितच दिसत असेल.

तूट खरोखर हटली ती अशा युक्त्यांनी नव्हे. थोरल्या बुश यांनी १९८८ च्या प्रचारात नवे कर न बसवण्याचे वचन दिले होते. ते मोडून १९९० साली त्यांनी डेमोक्रॅट काँग्रेसशी समझोता केला. वरचा दर २८ चा ३१ झाला, आणि नवी सवलत द्यायची तर तिचा पैसा कोठून येणार हे दाखवलेच पाहिजे, असा नियम झाला. त्यांच्या स्वतःच्या पक्षाने त्यांना क्षमा केली नाही, १९९२ ची निवडणूक ते हरले. मग आला आरंभी सांगितलेला १९९३ चा कायदा. शीतयुद्ध संपल्याने लष्करी खर्च उतरला, संगणकाच्या लाटेत शेअरबाजार चढला आणि श्रीमंतांच्या चढत्या उत्पन्नावर वाढीव दराने कर येऊ लागला. १९९४ नंतरच्या रिपब्लिकन सभागृहांनी खर्च आवळला, हेही खरे. त्यातला गरिबांच्या मदतीला लावलेला गळफासही खरा. शिल्लक या सर्वांची मिळून होती. तरी एवढे म्हणावे लागते, की तिच्यासाठी खुर्ची गमावली ती कर वाढवणाऱ्यांनी.

ती शिल्लक कोठे गेली? जानेवारी २००१ मध्ये अर्थसंकल्प कार्यालयाने पुढील दहा वर्षांत ५.६ लाख कोटी डॉलर शिल्लक पडेल असा अंदाज केला. मेअखेर १.३५ लाख कोटींच्या करकपातीचा कायदा दोन्ही सभागृहांत संमत झाला. १२ डेमोक्रॅट सिनेटरही बाजूने होते. २००३ साली दुसरी कपात, उपाध्यक्ष चेनी यांच्या निर्णायक मताने. त्याच वर्षी इराकचे युद्ध, आणि तेही कर्जावर. कोरियाच्या युद्धासाठी ट्रुमन यांनी कर वाढवले होते, जॉन्सन यांनीही उशिरा का होईना वाढवले; लढाई चालू असताना श्रीमंतांचे कर कमी करण्याची रीत ही या शतकाची. २०१७ साली कंपन्यांवरील कराचा दर ३५ वरून २१ टक्क्यांवर आला. या कपाती सिनेटमधून ज्या खास पद्धतीने, म्हणजे ६० मतांची अट टाळून साध्या बहुमताने, काढण्यात आल्या, ती पद्धत १९७४ च्या त्याच कायद्यातली आहे. हिशेब जुळवण्यासाठी केलेली वाट हिशेब मोडण्यासाठी वापरली गेली, आणि ती वापरताना अध्यक्ष व सभागृह एकाच रस्त्याने हातात हात घालून चालले.

कर्जमर्यादेचे नाटक येथे थोडक्यात आटोपते. १९१७ पासून चालत आलेल्या या मर्यादेचा संबंध पुढच्या खर्चाशी नसून आधी मंजूर केलेल्या खर्चाचे बिल चुकवण्याशी आहे. २०११ मध्ये आणि २०२३ मध्ये प्रतिनिधिगृहाने तिचा धाक घालून डेमोक्रॅट अध्यक्षांकडून खर्चकपात पदरात पाडून घेतली. करांचा विषय दोन्ही वेळा बाजूलाच राहिला.

आपल्याकडे हा वाद या स्वरूपात उभा राहत नाही, कारण मंत्रिमंडळ लोकसभेच्या बहुमतातूनच येते. राष्ट्रपतींच्या शिफारशीवाचून, म्हणजे सरकारच्या इच्छेवाचून, खर्चाची मागणी मांडताच येत नाही. सभासदाला ती कमी करण्याची सूचना देता येते, वाढवण्याची नाही. व्याज हा ‘भारित’ खर्च असल्याने त्यावर मतदान नाही, आणि केंद्राच्या खर्चाचा सुमारे चौथा हिस्सा आज व्याजात जातो. राहिलेल्या मागण्यांवर तरी चर्चा व्हावी. २०१८ आणि २०२३ साली लोकसभेने सर्व खात्यांच्या मागण्या चर्चेविना एका झटक्यात मंजूर केल्या. अमेरिकेच्या काँग्रेसला हसण्याचा अधिकार आपल्याला फारसा उरलेला नाही.

आणि तरीही तिकडे २०२५ साली जे घडले ते निक्सन यांच्या काळापेक्षा पुढचे आहे. दुसऱ्यांदा अध्यक्ष झालेल्या ट्रम्प यांच्या प्रशासनाने मंजूर झालेला पैसा अनेक खात्यांत अडवला. जुलैत काँग्रेसने स्वतःच परदेशी मदतीच्या आणि सार्वजनिक नभोवाणी-दूरचित्रवाणीच्या ९०० कोटी डॉलरच्या खर्चावर पाणी सोडले. ऑगस्टच्या अखेरीस आणखी ४९० कोटी रद्द करण्याचा प्रस्ताव आला. अर्थवर्ष ३० सप्टेंबरला संपत होते. ४५ दिवसांची मुदत पुरी होण्याआधीच पैसा वापरण्याची वेळ टळणार, हे उघड होते. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर रोजी अंतरिम आदेशाने तो पैसा अडवून ठेवण्यास मुभा दिली. एकूण खर्चाच्या मानाने रक्कम किरकोळ. परंतु लोकप्रतिनिधींनी केलेली मंजुरी म्हणजे अध्यक्षाला केलेली विनंती, असा पायंडा पडला तर विरोधी पक्षाने समझोता करून मिळवलेला एकही खर्च सुरक्षित राहत नाही. लगेच १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस सरकारी कचेऱ्या बंद राहिल्या. डेमोक्रॅट आरोग्यविम्याचे अनुदान मागत होते. पण त्यांच्या मनात हीही शंका होती, की मिळवलेला पैसा उद्या अध्यक्षाने अडवला तर?

काटकसरीच्या नावाने हे चालले असताना, त्याच वर्षीच्या जुलैत करकपातीचा नवा कायदा झाला. अर्थसंकल्प कार्यालयाच्या अंदाजाने तो दहा वर्षांत तुटीत ३.४ लाख कोटी डॉलरची भर घालणार आहे. गरिबांच्या आरोग्यविम्यात ९० हजार कोटींहून अधिक कपात आहे. २०३४ पर्यंत सुमारे एक कोटी माणसे विम्याबाहेर जातील. त्याच कार्यालयाच्या हिशेबाने सर्वांत गरीब दहा टक्के कुटुंबांचे सरासरी वर्षाला सुमारे १,२०० डॉलरचे नुकसान होईल आणि सर्वांत श्रीमंत दहा टक्क्यांना सुमारे १३,६०० डॉलरचा लाभ होईल. ज्या कायद्यात गरिबांचा खर्च कापूनही तूट वाढते, त्या कायद्यातला पैसा कोठे गेला हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. अध्यक्षाने तो मागितला, अध्यक्षाने सही केली. पण सही करायला कागद सभागृहाने दिला.

सिनेटमध्ये मते पडली ५१ विरुद्ध ५०. निर्णायक मत उपाध्यक्ष व्हान्स यांचे. प्रतिनिधिगृहात २१८ विरुद्ध २१४. बाजूच्या मतांचे दोन्ही आकडे नेमके १९९३ चेच. नॉर्थ कॅरोलायनाचे रिपब्लिकन सिनेटर टॉम टिलिस यांनी आपल्या राज्यातील गरिबांचा आरोग्यविमा जाईल म्हणून विधेयकाला विरोध केला. अध्यक्षांनी त्यांच्याविरुद्ध पक्षातूनच उमेदवार उभा करण्याची धमकी दिली. दुसऱ्याच दिवशी टिलिस यांनी आपण पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचे जाहीर केले.